कोपऱ्यातली दुरडी

आप्पांनी जेवण सोडलं तेव्हा मला आधी रागच आला. भीती नंतर आली. सकाळी लवकर उठून बिनमिठाची भाकरी थापायची, भाज्या चिरून पाण्यात भिजत घालायच्या, ते पाणी ओतून द्यायचं, मग बिनमिठाच्या फोडणीत त्या परतायच्या, आणि यांनी ताटापुढं बसून ताटाला नमस्कार करायचा आणि दोन बोटांनी ते पुढं सरकवायचं. ताट आपटलं असतं तर मीही चार शब्द बोलून मोकळी झाले असते. नमस्कार करणाऱ्या माणसाशी भांडायचं कसं, सांगा.

आप्पा म्हणजे माझे वडील. सोलापुरात शुक्रवार पेठेत आमचं घर, आणि घराच्या मागच्या अंगाला आमची चुरमुऱ्याची भट्टी. होती, म्हणायला हवं. आता तिथं पत्र्याची शेड आहे आणि शेजाऱ्यांच्या मोटरसायकली लागतात. मी एका शाळेच्या ऑफिसात क्लार्क आहे. लग्न केलं नाही. का केलं नाही हे विचारणारी माणसं बहुतेक मरून गेली, त्यामुळे तो विषय आपोआप मिटला. धाकटा भाऊ पुण्याला असतो आणि फोनवरून सल्ले देतो. घरात मी आणि आप्पा दोघंच.

त्यांच्या किडन्या निकामी झाल्या होत्या. सात रस्त्याजवळच्या डायलिसिस सेंटरला आठवड्यातून तीनदा न्यायचं, मशीनला लावायचं, आणि आपण बाहेर बाकड्यावर दुसऱ्यांच्या नातेवाइकांची तोंडं बघत बसायचं. पाणी मोजून, मीठ बंद. पाण्याचं त्यांनी ऐकलं. भट्टीपुढं जन्म काढलेला माणूस, तहान मारायची सवयच होती. मिठाचं मात्र जमेना. चोरून खायचे असं नाही हं. मीठ नाही तर जेवण नाही, एवढंच त्यांनी ठरवलं होतं, आणि तेही तोंडानं बोलून दाखवलं नव्हतं.

डॉक्टरांना वाटायचं म्हाताऱ्याचे चोचले आहेत. भाऊ म्हणायचा, "ताई, जरा मिरपूड घालून बघ ना, लसूण वाढव." जसं काही मी इतके दिवस पाण्यात शिजवून घालत होते. मला ठाऊक होतं की यात चवीचा काही संबंध नाही. पण ते फोनवर सांगण्यासारखं नव्हतं, आणि डॉक्टरांना सांगितलं असतं तर त्यांनी मलाच एखादी गोळी लिहून दिली असती. ते कळायचं तर आमची भट्टी माहीत हवी.

चुरमुरे करायचे तर तांदूळ मिठाच्या पाण्यात मुरवावा लागतो. मग कढईत वाळू तापवायची, ती लाल दिसायला लागली की तांदूळ टाकायचा, झाऱ्यानं हलवायचा, आणि फुलला की लगेच चाळणीवर घ्यायचा. वाळू खाली, चुरमुरे वर. मीठ तिथं चवीपुरतं नसतं, मिठामुळं दाणा फुलतो. बिनमिठाचा दाणा रुसल्यासारखा ठेंगणाच राहतो, दाताला लागतो. आम्ही भावंडं त्या ढिगाऱ्याच्या आजूबाजूलाच वाढलो. सकाळी चुरमुरे भिजवून फोडणीला टाकलेला सुसला, शाळेतून आलं की नुसते मूठमूठभर, संध्याकाळी कांदा आणि शेंगाचटणी घालून. दुसऱ्या कुठल्या खाऊसाठी आम्ही कधी हट्ट केल्याचं मला आठवत नाही.

फक्त एक दुरडी होती, तिला हात लावायचा नसे. भट्टीच्या कोपऱ्यात, फडक्यानं झाकलेली. तिच्यात अळणी चुरमुरे असायचे. ते मयताचे. आमच्याकडं मयत निघालं की पुढं चालणारा माणूस फुलं आणि चुरमुरे उधळत जातो. दुसऱ्या भट्ट्यांवर त्यासाठी कुठलेही चुरमुरे देत. आमच्या भट्टीवर ते वेगळे भाजायची रीत होती. आप्पा म्हणायचे, जिता माणूस खाल्ल्या मिठाला बांधलेला असतो. बायकोच्या, पोरांच्या, ज्यांच्या ज्यांच्या घरी जेवला त्यांच्या. जो निघाला, त्याला आणखी मिठात अडकवू नये. म्हणून त्याच्या वाटेवरचा दाणा बिनमिठाचा.

तो दाणा भाजणं सोपं नव्हतं. मीठ नसल्यानं निम्मा तांदूळ फुलायचाच नाही. तरी महिन्यातून एखादी सकाळ आप्पा त्यासाठीच बसायचे आणि दुरडी भरून ठेवायचे, कारण वेळ काही सांगून येत नाही. ज्याच्या घरी काही झालं असेल तो माणूस येऊन दारात नुसता उभा राहायचा. काही बोलायचा नाही. आप्पा गिऱ्हाईक सोडून उठायचे, त्याच्या टॉवेलात दुरडी ओतायचे. त्याला कुणी बसा म्हणायचं नाही, निघताना या म्हणायचं नाही, आणि त्याच्याकडून काही घ्यायचं नाही. लहानपणी मला वाटायचं, सगळ्याच दुकानांत असा एक न बोलता उभा राहणारा माणूस असतो.

एकदा भावानं त्या दुरडीतला दाणा तोंडात टाकला. तीन-चार वर्षांचा असेल. आईनं बघितलं, एक चापट दिली, तोंडात बोट घालून दाणा काढला आणि स्वयंपाकघरातल्या बरणीतला खडेमिठाचा खडा त्याच्या जिभेवर ठेवला. तो रडत रडत मीठ चघळत होता आणि आई त्याची हनुवटी धरून बसली होती, खडा विरघळेपर्यंत. मग म्हणाली, "जा आता खेळ." म्हणजे उतारा झाला. चुकून अळणी खाल्लं तर लगेच मीठ खायचं, म्हणजे माणूस परत आपल्यात येतो, असा त्याचा अर्थ.

आई गेली ती सकाळी. दुरडीत तळाशी थोडेसेच चुरमुरे राहिले होते. आईला बाहेरच्या खोलीत ठेवलेलं, बायका जमलेल्या, आणि आप्पा मागं जाऊन भट्टी पेटवून बसले. भाजल्याचा वास सगळ्या घरात पसरला. एक लांबची मावशी मला म्हणाली, "अगं, तुझ्या बापाला काही आहे की नाही?" मी मागं गेले. आप्पा एकटेच झारा हलवत होते आणि न फुललेला एकेक दाणा वेचून बाजूला टाकत होते. आईच्या वाटेवर त्यांना ठेंगणा दाणा नको होता. मी त्यांच्याजवळ बसले आणि वेचायला लागले.

त्यानंतर भट्टी फार दिवस चालली नाही. धुराच्या तक्रारी होत्याच, पाकिटातला मशीनचा माल स्वस्त पडत होता, आणि आप्पांचे गुडघे गेले. ती बंद झाल्यावर आप्पा अधूनमधून एकच वाक्य म्हणायचे. "तुज्या आईचे मी भाजले. माझे कोन भाजनार?" लोक हसायचे. म्हातारा गमतीशीर आहे म्हणायचे. मीही हसून सोडून द्यायची, दुसरं काय करणार.

डॉक्टरांनी जेव्हा पहिल्यांदा सांगितलं की आता सगळं अळणी, तेव्हा आप्पांनी मान वळवून माझ्याकडं बघितलं आणि म्हणाले, "म्हंजे दुरडीतलं." डॉक्टर म्हणाले, "काय?" मी म्हटलं, "काही नाही सर." घरी आल्यावर ताटाला नमस्कार सुरू झाला.

समजावून सगळं झालं. रडून झालं. हा आजार आहे, मयत नाही, असंही एकदा चिडून बोलले. आप्पा म्हणाले, "व्हय की," आणि भिंतीकडं तोंड करून झोपले. अंगातलं मांस उतरत चाललं. डॉक्टर म्हणाले, असंच चाललं तर यांना डायलिसिस सोसणार नाही. मग त्यांनीच हात टेकले. म्हणाले, "हे बघा, यांना आवडतं ते थोडं मिठाचं द्या. एक मूठ खाल्ल्यानं आभाळ कोसळत नाही. पण पोटात काहीतरी जाऊ द्या."

मी त्याच दिवशी दुकानातून चुरमुरे आणले. आप्पांनी एक दाणा बोटात धरून दाबला आणि परत ठेवला. "सादळल्यात." दुसरं दुकान, तेही सादळलेले. माझी चूक नव्हती आणि त्यांचीही नव्हती. या माणसानं आयुष्यात वाळूवरून उतरलेल्या चुरमुऱ्याशिवाय दुसरा खाल्ला नव्हता, आणि शहरात आता ओळखीची एकही भट्टी पेटत नव्हती. मी तव्यावर गरम करून दिले. ते म्हणाले, "कशाला जीव काडती?" आणि नमस्कार.

अशात आमच्या शाळेची सहल त्या म्युझियमला जाऊन आली. फरसाणच्या एका कारखानदारानं अक्कलकोट रोडच्या बाजूला चुरमुऱ्याचं म्युझियम काढलंय, हे मी उडत उडत ऐकलं होतं आणि ऐकून कपाळाला हात लावला होता. चुरमुऱ्याचं म्युझियम. उद्या फुटाण्याचं काढतील. पण सहलीहून आलेल्या बाई ऑफिसात सांगत होत्या की शेवटी एक काउंटर आहे, समोर चुरमुरे फुलवतात आणि गरमगरम हातात देतात. मी हातातलं काम तसंच ठेवलं आणि त्यांना तीनदा विचारलं, गरम म्हणजे गरमच ना? त्या म्हणाल्या, "अहो, पोरांची तोंडं भाजली."

घरी येऊन आप्पांना सांगितलं. ते म्हणाले, "चुरमुऱ्याचं काय बगायचं?" मी म्हटलं, बघायचं नाही, खायचं. ते उठून बसले. मग विचारलं, "वाळूवरनं काडून देत्यात?" खाण्याबद्दल त्यांनी कितीतरी दिवसांत काही विचारलं नव्हतं. मी खोटं बोलले नाही, मला खरंच माहीत नव्हतं. म्हटलं, "गरम देतात एवढं नक्की." ते म्हणाले, "जाऊ की मग." दुसऱ्या दिवशी मशीनची पाळी नव्हती. मी रजा टाकली, त्यांना स्वच्छ धोतर नेसवलं आणि रिक्षा सांगितली.

म्युझियमच्या दारात फायबरचा एक दाणा उभा केलाय, माणसाहून उंच. लांबून तो मला उशीच वाटला. त्याला टेकून लोक सेल्फी काढत होते. आत गेलं की भिंतभर भारताचा नकाशा, आणि प्रत्येक प्रांताचं बटण. बटण दाबलं की दिवा लागतो आणि एक बाई गोड आवाजात सांगते, बंगालात झालमुडी, ओडिशात मुढी, कर्नाटकात मंडक्की, मुंबईची भेळ, कोल्हापूर-सांगलीचं भडंग. अख्खा देश एकच दाणा खातो, असं वर मोठ्या अक्षरात लिहिलंय. मी हौसेनं सोलापूरचं बटण दाबलं. दिवा उडालेला होता. ज्या गावात म्युझियम, त्याच गावात अंधार. मी आप्पांना म्हटलं, "बघा, आपलं नशीब." ते हसले. त्या हसण्यानं मला वाटलं, आज जमणार.

पुढच्या दालनात भट्टी होती. मातीचा लेप दिलेली, आत लाल दिवा आणि पंख्यानं हलणाऱ्या कापडाच्या ज्वाळा. पुढं पुतळा बसवला होता, डोक्याला भरजरी फेटा, अंगात बाराबंदी. भट्टीपुढं फेटा बांधून कोण बसेल? आप्पा जन्मभर एक चड्डी आणि खांद्यावर ओला टॉवेल एवढ्यावर बसले. सवयीनं त्यांनी हाताचा तळवा त्या ज्वाळांपुढं धरला, आणि गार लागल्यावर हळूच परत घेतला.

मग 'चुरमुरे आणि आपली संस्कृती' नावाची भिंत. फोटोच फोटो. जत्रेतले चुरमुरे-बत्तासे, देवळातला प्रसाद, बारशाची ओटी, नदीकाठचे भेळवाले. आप्पा काठी टेकत एकेका फोटोपुढं थांबत गेले. शेवटच्या फोटोनंतर भिंत संपली तिथं त्यांनी आणखी पुढं बघितलं. "संपलं व्हय?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, संपलं. काय शोधत होते ते मला कळलं, आणि नाही ते बरंच आहे असंही वाटलं. खाऊच्या दुकानात मयताचा फोटो कोण लावेल?

काउंटर शेवटी. काचेच्या पेटीत एक मशीन, आणि टोपी घातलेली एक मुलगी. ती अक्कलकोटकडची होती, आप्पांना बघून कानडीत बोलली. आप्पांनीही दोन शब्द कानडीत बोलून घेतले. मशीनमधून फट् आवाज झाला, वाफ आली आणि टोपल्यात पांढरेशुभ्र चुरमुरे सांडले. तिनं कागदाचा कोन भरून आप्पांच्या हातात दिला. त्यांनी तो दोन्ही हातांत धरला. ऊब तळव्याला लागली असणार. त्यांचा चेहरा एकदम सैल झाला.

मी जवळच्या बाकावर त्यांना बसवलं आणि मुद्दाम जरा लांब जाऊन उभी राहिले. बघत राहिलं की ते जेवत नाहीत, एवढं मला माहीत झालं होतं. त्यांनी एक दाणा तोंडात टाकला. खूप वेळ चावला. मग मशीनकडं बघितलं, मग कोनात बघितलं. मला वाटलं, झालं, आता सादळलेत म्हणणार. पण त्यांनी मूठ भरली आणि तोंडात टाकली. मग दुसरी. डोळे मिटून सावकाश चावत होते, घाई नाही, ठसका नाही. माझा जीव भांड्यात पडला. मी खांबाआड जाऊन भावाला फोन लावला आणि "खातायत रे, खातायत" एवढंच बोलले. तो तिकडून म्हणाला, "मी म्हणतच होतो, जागा बदलली की फरक पडतो." त्यालाही मी त्या दिवशी काही बोलले नाही.

परत आले तेव्हा कोन निम्म्याच्या खाली आला होता. मी शेजारी बसले. भूक मलाही लागली होती, कितीतरी दिवसांत घरात नीट जेवण झालं नव्हतं. मी कोनात हात घातला, दोन दाणे उचलले, आणि आप्पांनी माझं मनगट धरलं. त्या हातात एवढा जोर असेल असं वाटलं नव्हतं.

"तू नको," ते म्हणाले.

मी हसले. म्हटलं, "अख्खा कोन तुम्हालाच? बरं बाई." त्यांनी मनगट सोडलं नाही. माझ्या चिमटीतले दाणे काढून घेतले आणि स्वतःच्या तोंडात टाकले. तेवढ्यात ती मुलगी काउंटरवरून वाकून म्हणाली, "आजोबा, आवडले का? झिरो सॉल्ट आहेत आमचे. मशीन प्रेशरवर फुलवते, मीठ लागतच नाही. बीपीवाल्यांना पण चालतात."

मी आप्पांकडं बघितलं. ते शांतपणे चावत होते. त्यांना पहिल्या दाण्यालाच कळलं होतं. कळून ते दोन मुठी खाऊन बसले होते, आणि मी खांबाआड आनंदानं फोन करत होते.

मग मी जे केलं ते आठवून आजही माझं मलाच कसंतरी होतं, पण त्या वेळी दुसरं काही सुचलंच नाही. मी उठून त्या मुलीला म्हटलं, "मीठ द्या. चिमूटभर मीठ द्या मला." ती म्हणाली, "मॅडम, आपण मीठ ठेवतच नाही." मी म्हटलं, अहो, पण कुठं तरी असेल. ती गोंधळली. मी म्हटलं, खडेमीठ नको, साधं चालेल. रांगेतले लोक बघायला लागले. एवढं मोठं चुरमुऱ्याचं म्युझियम आणि आत चिमूटभर मीठ नाही. मी कापडाच्या ज्वाळांवरून, नकाशावरून, सगळं उलट पळत बाहेरच्या कँटीनला आले. तिथल्या माणसानं काकडीबरोबर देतात तसली मिठाची पुडी दिली. ती मुठीत घट्ट धरून मी तशीच परत गेले.

आप्पा बाकावरच होते. कोन रिकामा झाला होता, त्यांनी तो घडी घालून मांडीवर ठेवला होता. मी पुडी फाडली, बोटाला मीठ लावलं आणि बोट त्यांच्या तोंडाजवळ नेलं. "आप्पा, आ करा." त्यांनी तोंड मिटून घेतलं. मी म्हटलं, "आप्पा, लहान मुलासारखं करू नका." आईनं भावाची धरली होती तशी मी त्यांची हनुवटी धरली. म्हाताऱ्या माणसाची हनुवटी, पांढरे खुंट हाताला टोचत होते. त्यांनी ओठ घट्ट दाबले आणि मान हलवली. जरा वेळानं माझा हातच खाली आला.

"ऱ्हाऊ दे," ते म्हणाले. "बस हितं."

मी बसले.

"तुज्या आईचे मी भाजले. माझे कोन भाजनार, ह्यो घोर हुता बग. भाजत्यात की हितं. बिनमिटाचे, आन फुलल्यात पन. एक बी ठेंगना न्हाय."

मी म्हटलं, "आप्पा, ते डाएटवाल्यांसाठी आहेत. मयतासाठी नाहीत."

"दान्याला काय ठावं कुनासाटी ते," आप्पा म्हणाले. "एक पाकीट घे."

मी नाही म्हटलं. दोनदा म्हटलं. मग काउंटरवर जाऊन घेतलं, कारण नाही घेतलं असतं तर ते स्वतः उठून गेले असते. पाकीट गुलाबी रंगाचं, त्यावर हसणाऱ्या दाण्याचं चित्र. रिक्षात बसल्यावर त्यांनी ते मांडीवर घेतलं आणि मला म्हणाले, "तारीक वाच. कदीपातुर टिकत्यात?" मी वाचून दाखवली. त्यांनी बोटांवर काही हिशेब केला आणि म्हणाले, "पुरंल."

घरी येऊन त्यांनी ते पाकीट फळीवर मिठाच्या बरणीशेजारी ठेवायला लावलं. दुसरीकडं जागा नव्हती का? होती. पण तिथंच ठेव म्हणाले, सापडायला बरं.

त्यानंतर त्यांनी माझा छळ पूर्ण थांबवला. ताट दिलं की एखादा घास मोडायचे, माझ्या समाधानासाठी, आणि आता नमस्कारही करत नव्हते. अळणी खायला त्यांची हरकत उरली नव्हती. हरकत उरली नाही हेच भयंकर होतं, पण ते मी कुणाला सांगणार? डॉक्टर म्हणाले, "बघा, खायला लागले ना? सुधारणा आहे." थोड्या दिवसांनी एका सकाळी रिक्षा दारात आल्यावर आप्पा म्हणाले, "आता सुई नको." भाऊ पुण्याहून आला, ओरडला, पाया पडला. मला म्हणाला, "ताई, तू का काही बोलत नाहीस? तू बोललीस तर ऐकतील." मी बोलले असते. पण ज्यानं मिठाचं बोट परत पाठवलं त्याला शब्दानं काय बांधून ठेवणार होते मी? त्या बाकावरच सगळं संपलं होतं. भावाला मी दुरडीची आठवण करून दिली तर तो म्हणाला, मला असलं काही आठवत नाही. खडाही आठवत नाही, चापटही नाही.

आप्पा गेले ते दुपारी, पाकिटावरच्या तारखेच्या बरेच आधी. हिशेब बरोबर होता त्यांचा. शेजाऱ्यांनी तिरडी बांधली, फुलं आली, आणि कुणीतरी दुकानातून कॅरीबॅग भरून चुरमुरे आणले. मिठाचे. कोण काय बोलणार, सगळीकडं तेच मिळतात. मी भावाला फळीवरचं गुलाबी पाकीट दिलं आणि म्हटलं, आधी हे. तो त्या हसणाऱ्या दाण्याकडं बघत राहिला. म्हणाला, "ताई, लोक काय म्हणतील?" मी म्हटलं, उधळ. पाकीट लहानच होतं. गल्लीच्या तोंडापर्यंत पुरलं, पुढच्या सगळ्या वाटेला दुकानातलेच उधळले, असं त्यानं संध्याकाळी सांगितलं. म्हणजे आप्पांची निम्मीअधिक वाट मिठाचीच गेली. एवढं करून तेही साधलं नाही.

पण ते नंतरचं. त्याआधी ते पाकीट त्याला फाडता येईना. बाहेर लोक उचला उचला म्हणत होते. मी त्याच्या हातातून घेतलं, स्वयंपाकघरात गेले, कात्री सापडेना म्हणून कोपरा दातात धरून ओढला. पाकीट फाटलं आणि एक दाणा माझ्या तोंडात गेला.

मी तशीच उभी राहिले. मनगट धरायला आता कुणी नव्हतं. जिभेला मीठ लागायची मी क्षणभर वाट बघितली, इतकी सवय असते. काही लागलं नाही. पाकीट मी भावाच्या हातात दिलं आणि तो बाहेर गेला. मिठाची बरणी माझ्या हाताशी होती, झाकणही सैल होतं. मी दाणा चावून गिळला आणि बरणीला हात लावला नाही.